अ‍ॅप सर्व्हर दुप्पट केले तरी ५०४ थांबेनात, कनेक्शन नक्की अडतंय कुठे?

अनुजा_क

नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून इथे लिहितेय.

आमचं ऑनलाइन अर्ज भरायचं अ‍ॅप्लिकेशन आहे. पुढे एनजिनेक्स (आलेली रिक्वेस्ट मागे पाठवणारा प्रॉक्सी), मागे नोडचे अ‍ॅप सर्व्हर आणि त्यांच्या मागे एक पोस्टग्रेस डेटाबेस. एरवी सगळं सुरळीत चालतं पण शेवटची तारीख जवळ आली की गर्दी होते आणि ५०४ (मागच्याचं उत्तर वेळेत आलं नाही) यायला लागतात. सर्व्हर ४ होते, सगळ्यांचं मत पडलं की कमी पडतायत, म्हणून ४ चे ८ केले. तर सुधारणा राहिली बाजूला, ५०४ च्या जोडीला आता ५०० (सर्व्हरच्या आतली चूक) पण सुरू झाले. सीपीयू बघावा तर अ‍ॅप सर्व्हरवर २०-२५ टक्के, डेटाबेसवर त्याहून कमी. कोणीच दमलेलं दिसत नाही आणि तरी काम पुढे सरकत नाही.

दुसरं एक दुखणं आहे, ते वेगळं की ह्याच्याशीच जोडलेलं ते कळत नाही. गर्दी अजिबात नसताना, पहाटे वगैरे, अधूनमधून एखादा ५०२ (मागच्याकडून धड उत्तरच नाही) येतो. तो फक्त अर्ज सबमिट करताना, पान उघडताना आजवर एकदाही आलेला नाही.

तर तुम्ही लोक कुठल्या थरावर किती कनेक्शन्स सोडता, कुठे अडवता, आणि नक्की कुठे अडलंय हे शोधायची सुरुवात कुठून करता?

झोपमोड

आधी साधं बघून घ्या. एनजिनेक्सला प्रत्येक वर्करमागे (काम करणाऱ्या प्रोसेसमागे) किती कनेक्शन्स दिलीत? काहीच लिहिलं नसेल तर ५१२ धरतो, आणि प्रॉक्सी असल्यामुळे एका ग्राहकामागे दोन कनेक्शन्स जातात, एक पुढचं एक मागचं. म्हणजे एका वर्करला अडीचशे माणसंच झाली. फाइल डिस्क्रिप्टरची (एका प्रोसेसला एकावेळी किती फाइली-कनेक्शन्स उघडता येतात त्याची) मर्यादा पण बघा, खूप ठिकाणी अजून १०२४ च असते.

रांगेतला

झोपमोड म्हणतात ते बघाच, पण सीपीयू रिकामा आणि रिक्वेस्टी अडकलेल्या ह्याचा अर्थ कुठेतरी रांग लागलीये. रांग शोधा, आकडे आपोआप बोलायला लागतील.

गर्दी चालू असताना अ‍ॅप सर्व्हरवर 'एसएस' ही कनेक्शन्स दाखवणारी कमांड लिसनिंग सॉकेटसाठी (नवी कनेक्शन्स जिथे येतात त्यासाठी) चालवा. लिसनिंग सॉकेटच्या ओळीत रिसीव्ह-क्यू म्हणजे अ‍ॅपने अजून हातात न घेतलेली कनेक्शन्स, आणि सेंड-क्यू म्हणजे त्या रांगेची कमाल लांबी. पहिला आकडा दुसऱ्याला भिडला असेल तर अ‍ॅप दारात आलेल्यांना आतच घेत नाहीये. कर्नलच्या सोमॅक्सकॉनकडे (ह्या रांगेवरच्या मर्यादेकडे) पण लक्ष असू द्या, लिनक्स ५.४ च्या आधी ते १२८ असायचं, नंतर ४०९६ झालं. अ‍ॅपने कितीही मोठी रांग मागितली तरी कर्नल ह्या आकड्याच्या वर देत नाही, आणि कापल्याचं कोणाला सांगतही नाही.

आकडे इथे टाका, मग बोलू.

उगीच_एक

माझा बाळबोध प्रश्न. पोर्ट ६५५३५ च असतात ना? मग एका सर्व्हरला त्याहून जास्त लोक एकावेळी जोडलेच जाऊ शकत नाहीत असं आमचे सर सांगायचे. मग आठ सर्व्हर लागणारच की.

पाचवा_थर

@उगीच_एक, हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर लिहितो.

टीसीपी कनेक्शनची ओळख चार गोष्टी मिळून होते: इकडचा आयपी, इकडचा पोर्ट, तिकडचा आयपी, तिकडचा पोर्ट. चारातली एक जरी वेगळी असली की कनेक्शन वेगळं. तुमच्या सर्व्हरवर येणारे सगळे ४४३ वरच येतात, पण प्रत्येकाचा आयपी-पोर्ट वेगळा असतो, त्यामुळे एकाच ४४३ वर लाखो कनेक्शन्स राहू शकतात. मेमरी आणि डिस्क्रिप्टर पुरले पाहिजेत, बस्स. १९९९ साली डॅन केगेल यांनी एका मशीनवर दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे हा प्रश्न सीटेनके ह्या नावाने मांडला, तेव्हा ते खरंच अवघड होतं. इगोर सिसोएव यांचा एनजिनेक्स २००४ ला लोकांच्या हातात आला तो हेच कोडं सोडवायला. आज दहा हजार म्हणजे किरकोळ.

पण सरांचं म्हणणं एका जागी लागू पडतं, प्रॉक्सी आणि अ‍ॅप सर्व्हरच्या मध्ये. तिथे प्रॉक्सीचा आयपी एकच, समोरचा आयपी आणि पोर्टही ठरलेला, म्हणजे चारातल्या तीन गोष्टी गोठल्या. बदलायला उरला फक्त प्रॉक्सीचा पोर्ट. लिनक्स त्यासाठी डीफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९ वापरतं, म्हणजे २८२३२ पोर्ट. कनेक्शन आधी प्रॉक्सीने बंद केलं तर तो पोर्ट टाईम-वेटमध्ये, म्हणजे बंद झाल्यानंतरच्या राखीव अवस्थेत, ६० सेकंद पडून राहतो. भागाकार करा: सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शन्स. त्याच्या वर गेलात की पोर्ट संपले, आणि सीपीयू तेव्हाही रिकामाच दिसणार.

उपाय म्हणजे मागच्या बाजूला कीप-अलाइव्ह चालू करणं, एकदा जोडलेलं कनेक्शन परत परत वापरायचं. एनजिनेक्सची जी व्हर्जन्स मी वापरलीत त्यांत हे आपणहून होत नव्हतं, मागच्या सर्व्हरशी तो एचटीटीपी १.० ने बोलायचा आणि दर रिक्वेस्टनंतर कनेक्शन तोडायचा. १.१ करायला सांगावं लागतं, कनेक्शन हेडर रिकामं करावं लागतं आणि किती कनेक्शन्स राखून ठेवायची तो आकडा द्यावा लागतो. तिन्ही केलं तरच चालतं. खूप जण तिसरं करतात आणि पहिली दोन विसरतात.

अनुजा, तुमच्याकडे हे आहे का?

जुना_गडी

टाईम-वेट निघालाच आहे तर माझा अनुभव सांगतो, कोणाची तरी रात्र वाचेल. टाईम-वेट कमी करायचं म्हणून कुठल्या तरी ब्लॉगवर वाचून आम्ही टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल हा कर्नलचा पर्याय चालू केला होता. आकडा झटक्यात खाली आला, सगळे खूश. दोन दिवसांनी तक्रारी सुरू. काही ग्राहकांना साइट उघडते, त्यांच्याच शेजारी बसलेल्याला उघडत नाही, दहा मिनिटांनी उलटं. आमच्याकडून टेस्ट केलं की दरवेळी व्यवस्थित.

शेवटी पॅकेट पकडून बघितले तेव्हा दिसलं की ग्राहकाचं सिन (कनेक्शन मागणारं पहिलं) पॅकेट आमच्यापर्यंत येतंय आणि कर्नल ते गुपचूप टाकून देतोय. तो पर्याय एका आयपीवरून येणाऱ्या पॅकेटांचे टाईमस्टँप चढत्या क्रमात असावेत असं धरून चालतो. एका नॅटमागे (सगळ्यांना बाहेर एकच आयपी देणाऱ्या राउटरमागे) पन्नास माणसं बसली असतील तर आयपी एकच पण टाईमस्टँप प्रत्येकाचा वेगळा, मग कर्नलला वाटतं हे पॅकेट जुनं आहे. चौदा दिवस गेले हे शोधण्यात. लिनक्स ४.१२ मध्ये तो पर्याय काढूनच टाकला, पण जुनी मशीन आणि जुने ब्लॉग अजून आहेत.

टाईम-वेट हा रोग नाही. जुन्या कनेक्शनचं उशिरा आलेलं पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये म्हणून ती राखण आहे. ती उठवायच्या आधी एवढी कनेक्शन्स तुटतायत का ते बघावं.

अनुजा_क

सगळ्यांचे आभार, इतक्या लवकर इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी गर्दी होती तेव्हा बघितलं. रिसीव्ह-क्यू सगळ्या सर्व्हरवर ० किंवा १, सेंड-क्यू ५११. टाईम-वेट तीनशेच्या आसपास. वर्करची कनेक्शन्स आम्ही आधीच ४०९६ केलेली, डिस्क्रिप्टरही भरपूर. कीप-अलाइव्ह पाचव्या थरांनी सांगितलं त्या तिन्ही गोष्टींसकट चालू आहे.

म्हणजे दारात रांग नाही, पोर्टही संपत नाहीयेत. पण लोक ६० सेकंद थांबून ५०४ घेऊन जातातच.

रांगेतला

उत्तम, म्हणजे अर्धं घर झाडून झालं. नोड लोकांना लगेच आत घेतोय, रांग आतल्या खोलीत आहे. नोड कनेक्शन घ्यायला कधीच नाही म्हणत नाही आणि वाट बघणाऱ्या प्रॉमिसला (उत्तर यायचं बाकी असलेल्या कामाला) सीपीयू लागत नाही, त्यामुळे बाहेरून सगळं शांत दिसतं. डेटाबेसकडे चला.

मधली_विंडो

डेटाबेसकडे जायच्या आधी पहाटेच्या ५०२ चं मी सांगते, कारण आमच्याकडे हेच झालं होतं आणि "फक्त सबमिट करताना" हे वाचल्या वाचल्या ओळखलं.

नोडमध्ये ८ व्या व्हर्जनपासून कीप-अलाइव्ह टाईमआउट ५ सेकंद आला. म्हणजे ५ सेकंद कनेक्शनवर काही हालचाल नाही झाली की नोड ते बंद करतो. एनजिनेक्स मात्र मागची रिकामी कनेक्शन्स ६० सेकंद राखून ठेवायला तयार असतो. आता समजा ४.९९९ व्या सेकंदाला एनजिनेक्सने त्याच कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट टाकली, आणि ती वाटेत असतानाच नोडने दार लावलं. एनजिनेक्सला रीसेट मिळतो, तुम्हाला ५०२.

गर्दीत कनेक्शन ५ सेकंद रिकामं राहतच नाही, म्हणून तेव्हा दिसत नाही. पहाटे राहतं. आणि पान उघडताना का नाही? कारण गेट (नुसतं पान मागणारी) रिक्वेस्ट अशी फसली तर एनजिनेक्स आपणहून दुसऱ्या कनेक्शनवर परत पाठवतो, कोणाला पत्ताही लागत नाही. पोस्ट (माहिती सबमिट करणारी) तो परत पाठवत नाही, कारण पहिली पोहोचली असेल तर अर्ज दोनदा जाईल. त्याने बरोबरच केलं, पण त्यामुळे चूक फक्त सबमिटवर उघडी पडते.

उपाय एका ओळीचा. मागच्याने पुढच्यापेक्षा जास्त वेळ दार उघडं ठेवायचं. नोडचा कीप-अलाइव्ह टाईमआउट ६५ सेकंद करा आणि हेडर्स टाईमआउट त्याहून थोडा वर. क्लाउडच्या लोड बॅलन्सरमागे असाल तरी नियम तोच, एडब्ल्यूएसच्या एएलबीचा आयडल टाईमआउट डीफॉल्टने ६० सेकंद असतो.

झोपमोड

वा! मी हे इतकी वर्षं "नेटवर्कचा ग्लिच" म्हणून फाइल बंद करत आलोय. उद्याच बघतो.

पाचवा_थर

मधली_विंडो यांच्या मुद्द्याला जोडून. मध्ये फायरवॉल किंवा नॅट असेल तर त्याचंही घड्याळ असतं आणि तो कनेक्शन विसरताना दोन्ही बाजूंना कळवेलच असं नाही. एडब्ल्यूएसच्या एनएलबीचं (त्यांच्याच दुसऱ्या लोड बॅलन्सरचं) डीफॉल्ट ३५० सेकंद आहे. लिनक्सचा टीसीपी कीप-अलाइव्ह सॉकेटवर चालू केलात तरी पहिली चाचपणी डीफॉल्टने ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी करतो. मधला विसरून दीड तास झालेला असतो आणि डेटाबेस पूलमध्ये, म्हणजे परत वापरायला उघड्या ठेवलेल्या कनेक्शन्सच्या साठ्यात, मेलेली कनेक्शन्स जिवंत म्हणून बसलेली असतात. चाचपणीची वेळ मधल्या सगळ्यात कमी घड्याळाच्या खाली आणा.

अनुजा_क

मधली_विंडो, तुमचा पाय धरावासा वाटतोय! एरर लॉगमध्ये "कनेक्शन रीसेट बाय पीअर", सगळे पोस्ट, सगळे शांत वेळेतले. ६५ सेकंद करून काल रात्री टाकलं. दोन-तीन दिवस बघून सांगते.

हिशेबनीस

आता डेटाबेस. अनुजाताई, तीन आकडे द्या: प्रत्येक सर्व्हरवर नोडच्या प्रोसेस किती, प्रत्येक प्रोसेसचा पूल किती आणि पोस्टग्रेसची मॅक्स कनेक्शन्स किती.

अनुजा_क

प्रोसेस २. पूलला आम्ही काही दिलेलं नाही, जे डीफॉल्ट असेल ते. पोस्टग्रेसलाही हात लावलेला नाही.

हिशेबनीस

मग गणित मांडतो. नोडच्या पीजी लायब्ररीचा पूल डीफॉल्टने १० चा. पोस्टग्रेस डीफॉल्टने १०० कनेक्शन्स देतं, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव, म्हणजे तुम्हाला ९७.

४ सर्व्हर × २ प्रोसेस × १० = ८०. बसत होतं.
८ सर्व्हर × २ प्रोसेस × १० = १६०. बसत नाही.

तुमच्या ५०० च्या मागे अ‍ॅपच्या लॉगमध्ये "सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" किंवा तसंच काहीतरी असणार. माफी मागून नाही म्हणणारा डेटाबेस आहे हा, सभ्य.

म्हणजे सर्व्हर वाढवल्यामुळे ५०० आले एवढं पक्कं. पण ५०४ आधीही होते, ८० बसत असतानाही. त्याचं कारण अजून सापडलेलं नाही, तिथे थांबू नका.

उगीच_एक

मग मॅक्स कनेक्शन्स १००० करून टाका की. एका ओळीचं काम.

हिशेबनीस

नको. पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनमागे एक अख्खी प्रोसेस असते, धागा नाही. १६ कोरच्या मशीनवर १००० जण एकदम क्वेरी घेऊन आले तर १६ जणांचं काम चालणार आणि बाकीचे लॉकसाठी, मेमरीसाठी एकमेकांना ढकलत बसणार. एकाचं काम आधी ५ मिलीसेकंदात व्हायचं ते ५० ला जाईल. डेटाबेसच्या आत गर्दी करण्यापेक्षा बाहेर रांगेत उभं केलेलं बरं. मी स्वतः पूल ६० वरून २० वर आणून सिस्टिम जलद झालेली बघितलीये.

झोपमोड

पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन्स वाटून देणारा) बसवा ना मध्ये, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये. अ‍ॅपकडून हजार कनेक्शन्स येऊ देत, तो डेटाबेसकडे ४० च ठेवतो. आमच्याकडे चार वर्षं चालू आहे, तक्रार नाही. सेशनला चिकटलेल्या गोष्टी तेवढ्या जपाव्या लागतात, सेट केलेली व्हेरिएबल्स, लिसन-नोटिफाय, सेशन लॉक. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा त्रास असायचा तो १.२१ पासून सुटलाय.

रांगेतला

पीजीबाउन्सर मलाही आवडतो, पण अजून निदान झालेलं नाही. आजार रेड्याला अन् औषध पखालीला असं व्हायला नको.

१९६१ साली जॉन लिटल यांनी एक नियम सिद्ध केला, आणि तो इतका सोपा आहे की ह्या कामात रोज वापरता येतो. एका वेळी आत असलेली माणसं म्हणजे दर सेकंदाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकजण आत घालवतो ते सेकंद. तुमच्याकडे आत जागा ८०. एक अर्ज कनेक्शन किती वेळ धरून ठेवतो तेवढं सांगा, सेकंदाला किती अर्ज जाऊ शकतात ते निघतं. २० मिलीसेकंद धरत असेल तर ४०००. तुमच्याकडे ४००० येत असतील असं वाटत नाही. म्हणजे कोणीतरी कनेक्शन घेऊन बसून राहतंय.

गर्दीत कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारं पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी बघा, स्टेट ह्या कॉलमप्रमाणे मोजा. अ‍ॅक्टिव्ह किती, आयडल किती, आणि मुख्य म्हणजे आयडल इन ट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसती बसलेली) किती.

जुना_गडी

तोवर रिट्रायबद्दल थोडं, कारण गर्दीत घात तोच करतो. अनुजाताई, तुमच्या ब्राउझरमधल्या कोडमध्ये रिट्राय आहे का? एनजिनेक्समध्ये? अ‍ॅपमध्ये? तीन थर आणि प्रत्येक थरावर तीन प्रयत्न म्हणजे एका क्लिकचे २७ तडाखे डेटाबेसवर. तेही नेमके तो आधीच वाकलेला असताना.

आमच्याकडे वेबसॉकेटचा सर्व्हर होता, एकावर चाळीसेक हजार जण जोडलेले. दुपारी एक साधा रीस्टार्ट केला. सगळ्यांची कनेक्शन्स एकाच क्षणी तुटली आणि क्लायंटच्या कोडमध्ये "५ सेकंदांनी परत जोडा" असं लिहिलेलं होतं. बरोब्बर पाचव्या सेकंदाला चाळीस हजार जण दारात. टीएलएस हँडशेकमध्येच सीपीयू संपला, बरेच जोडले गेले नाहीत, मग दहाव्या सेकंदाला परत तेच, पंधराव्याला परत तेच. ग्राफवर करवतीसारखे दात दिसत होते, एकसारख्या अंतराने. शेवटी पुढे कनेक्शनचा दर बांधून थोडे थोडे आत सोडले तेव्हा शांत झालं.

त्यानंतर नियम केला. रिट्राय फक्त एकाच थरावर, दर वेळी अंतर दुप्पट, आणि त्या अंतरात रँडम भर. ती रँडम भर सगळ्यात महत्त्वाची. अंतर दुप्पट केलं पण सगळ्यांचं सारखंच ठेवलं तर मोर्चा तोच, फक्त उशिरा येतो.

नवखी_ऑप्स

जरा विषयांतर. आमच्या जीआरपीसी (सर्व्हिसनी एकमेकींना कॉल करायची पद्धत) सर्व्हिसचे ६ पॉड (चालू प्रती) आहेत, पण सगळी ट्रॅफिक एकाच पॉडवर जाते, बाकी पाच नुसते बसलेत. लीस्ट कनेक्शन (कमीत कमी कनेक्शन्स असलेल्याला काम द्यायचं) पण लावून बघितलं. काय चुकतंय?

पाचवा_थर

@नवखी_ऑप्स, जीआरपीसी एचटीटीपी २ वर चालतं. एकच कनेक्शन उघडून त्यावरून हजारो रिक्वेस्टी पाठवतं आणि ते बंदच करत नाही. तुमचा बॅलन्सर टीसीपीच्या थरावर असेल तर तो वाटणी कनेक्शनची करतो, रिक्वेस्टची नाही. कनेक्शन एक, वाटायचं काय? एकतर रिक्वेस्ट ओळखणारा प्रॉक्सी मध्ये घ्या, एन्व्हॉय वगैरे, किंवा क्लायंटला सगळ्या पॉडचे पत्ते देऊन त्यालाच वाटू द्या. सर्व्हरवर कनेक्शनचं कमाल वय ठेवायची पण सोय आहे, त्याने निदान अधूनमधून फेरवाटप होतं.

आणि लीस्ट कनेक्शनबद्दल सावध राहा. एखादा सर्व्हर बिघडून प्रत्येक रिक्वेस्टला एका मिलीसेकंदात ५०० द्यायला लागला तर त्याच्याकडे कनेक्शन्स कायम सगळ्यात कमी असतात, आणि बॅलन्सर त्यालाच "मोकळा आहे" म्हणून सगळं देत सुटतो. एक आजारी सर्व्हर अख्खी ट्रॅफिक गिळतो. हेल्थ चेकबरोबर चुकांची मोजणी पण हवी.

नवखी_ऑप्स

कनेक्शनचं वय! हे आजच करून बघते. खूप धन्यवाद.

अनुजा_क

सापडलं!!!

काल गर्दीत मोजलं. (५०० घालवायला परवाच पूल १० चा ५ केला, म्हणजे एकूण परत ८०.) ८० पैकी अ‍ॅक्टिव्ह ३. आयडल इन ट्रान्झॅक्शन ७६. तीन-चार वेळा मोजलं, दर वेळी सत्तरच्या वर.

कोणती क्वेरी सगळ्यात शेवटची चालली ते बघितलं, सगळीकडे एकच: अर्जाची नोंद टाकणारा इन्सर्ट. मग कोड उघडला. ट्रान्झॅक्शन सुरू, अर्जाची नोंद, मग अर्जदाराला मेसेज पाठवायला बाहेरच्या सर्व्हिसला कॉल, त्याचं उत्तर आलं की मेसेज आयडी त्याच नोंदीत लिहायचा, आणि मग कमिट. बाहेरच्या कॉलला एरवी ३०० मिलीसेकंद लागतात म्हणून कोणाच्या डोळ्यावर आलं नाही. गर्दीत ती सर्व्हिस पण दाटते आणि अडीच सेकंद घेते. रांगेतला यांच्या नियमाने ८० भागिले अडीच म्हणजे सेकंदाला ३२ अर्ज. आमच्याकडे शेवटच्या दिवशी सेकंदाला ५०-६० येतात. हिशेब तंतोतंत जुळला, अंगावर काटा आला खरंच. आणि पूलमध्ये कनेक्शन मिळेपर्यंत किती थांबायचं ह्याचा टाईमआउट डीफॉल्टने शून्य, म्हणजे अमर्याद, म्हणून लोक ६० सेकंद तिथे ताटकळून एनजिनेक्सच्या हातून ५०४ घेत होते.

जुना_गडी, ब्राउझरमध्ये रिट्राय होता, तीनदा, लगेच. काढला.

रांगेतला

किती छान शोधलंत. डेटाबेस रिकामा, अ‍ॅप रिकामं, आणि दोघंही एका तिसऱ्याच्या उत्तराची वाट बघत बसलेले.

झोपमोड

आणि मी सांगितलेला पीजीबाउन्सर इथे काहीच कामाला आला नसता! ट्रान्झॅक्शन मोडमध्ये तो ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत कनेक्शन सोडत नाही, म्हणजे ४० च्या ४० तसेच अडकले असते. बरं झालं थांबलात. आता पोस्टग्रेसचा आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाईमआउट लावून ठेवा, ९.६ पासून आहे. पुन्हा कोणी असं लिहिलं तर टेस्टिंगमध्येच कनेक्शन तुटून कळेल.

हिशेबनीस

पूलवर थांबायचा टाईमआउट पण द्या, २-३ सेकंद. तेवढ्यात जागा नाही मिळाली तर सरळ ५०३ द्या आणि "थोड्या वेळाने प्रयत्न करा" म्हणा. ६० सेकंद ताटकळत ठेवून नाही म्हणण्यापेक्षा लगेच सांगितलेलं माणसाला परवडतं. आणि उत्तराची वाट बघायचे टाईमआउट (रिकाम्या कनेक्शनचे नव्हे, त्यांचा नियम मधली_विंडो यांनी सांगितला तोच) बाहेरून आत उतरते ठेवा, पुढच्याचा मोठा, आतल्याचा लहान. उलटं असलं की पुढचा कंटाळून निघून जातो आणि आतला कोणासाठी काम करतोय हेच कळत नाही. एनजिनेक्सच्या लॉगमध्ये ४९९ दिसतात ते हेच, उत्तर तयार व्हायच्या आत गेलेली माणसं.

अनुजा_क

बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढला. आधी नोंद, कमिट, मग मेसेज. कनेक्शन आता २०-३० मिलीसेकंदच धरलं जातं. काल गर्दीचा दिवस होता, ५०४ एकही नाही, ५०० एकही नाही. पहाटेचा ५०२ पण आठवडाभरात दिसलेला नाही. सर्व्हर ८ वरून परत ४ केले, पूल ५ चाच ठेवला, म्हणजे डेटाबेसला एकूण ४० कनेक्शन्स, आणि त्यातलीही बरीच रिकामी असतात.

पण एक नवी काळजी. आधी मेसेज गेला नाही तर नोंदही मागे फिरायची. आता नोंद कमिट झाली आणि त्याच क्षणी प्रोसेस पडली तर अर्ज आहे पण मेसेज नाही. काल दोघांचं असं झालं, डिप्लॉय करताना.

मधली_विंडो

डिप्लॉय करताना म्हणजे प्रोसेसला बंद व्हायचा सिग्नल आला आणि ती हातातलं काम टाकून मेली. सिग्नल आल्यावर आधी नवं काम घेणं थांबवा, हातातलं संपवा, मग बंद व्हा. कुबरनेटिसवर असाल तर पॉडला सिग्नल मिळणं आणि बॅलन्सरच्या यादीतून नाव निघणं ह्या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, कुठली आधी पोहोचेल ते सांगता येत नाही, म्हणून बंद होण्याआधी काही सेकंद नुसतं थांबावं लागतं. एकूण मुदत डीफॉल्टने ३० सेकंद.

पण प्रोसेस न सांगता पण पडू शकते, त्यासाठी वेगळी सोय हवीच.

हिशेबनीस

ती अशी. अर्जाची नोंद करता त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये दुसऱ्या टेबलात एक ओळ टाका, "ह्या अर्जाचा मेसेज पाठवायचा आहे". दोन्ही एकत्र कमिट होतात, एक आहे आणि दुसरं नाही असं होऊच शकत नाही. मेसेज पाठवणारी एक वेगळी प्रोसेस ठेवा, ती त्या टेबलातून ओळी उचलेल. दोन प्रोसेस एकाच ओळीवर पडू नयेत म्हणून फॉर अपडेट स्किप लॉक्ड (दुसऱ्याने कुलूप लावलेली ओळ सोडून पुढची घ्यायची सोय) वापरा, पोस्टग्रेस ९.५ पासून आहे.

एकच जपा. ती प्रोसेससुद्धा ओळीला कुलूप लावून, ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेर कॉल करायला लागली तर तुम्ही फिरून तिथेच याल. ओळीवर "घेतली" आणि वेळ लिहा, कमिट करा, मग कॉल करा, उत्तर आलं की "झाली" लिहा. घेतली आणि पाच मिनिटांत झाली नाही ती परत उचलायची.

जुना_गडी

आणि परत उचलली म्हणजे मेसेज दोनदा जायची शक्यता आली. दर मेसेजला स्वतःचा एक युनिक आयडी द्या आणि परत पाठवताना तोच वापरा, म्हणजे समोरच्याला दुसरा ओळखून टाकून देता येईल. त्यांच्याकडे तशी सोय आहे का ते बघा.

अनुजा_क

आहे! आत्ताच त्यांचं डॉक्युमेंट उघडून बघितलं. रिक्वेस्टमध्ये नेमकं त्यासाठीचं फील्ड आहे, आमच्या कोडमध्ये ते पहिल्या दिवसापासून रिकामं जातंय. टेबल आज करते, आयडी म्हणून त्या टेबलातल्या ओळीचाच नंबर पाठवते.